‘बायो म्हणजे नुसतं पाठांतर’: कुणी सांगितलं?

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: ‘बायो म्हणजे नुसतं पाठांतर. अकरावीचे मार्क कुठे धरत नाहीत, ते वर्ष फिजिक्स-केमिस्ट्रीला द्या. बायो बारावीच्या शेवटी दोन महिन्यांत उरकतं. आकृत्या, प्रॅक्टिकल यांत वेळ घालवू नका.’

आधी पाठांतराचं बघू. ते लागतं, नाही कोण म्हणतंय? प्राण्यांचे संघ, वनस्पतींचे गट घोकल्याशिवाय सुटका नाही. पण हा प्रश्न घ्या: कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीत जी-१ टप्प्यात, म्हणजे डीएनएची प्रत निघण्याआधी, १६ गुणसूत्रं असतात, मग प्रत निघते त्या एस टप्प्यानंतर किती? ‘एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो’ हे वाक्य घोकलेला मुलगा ३२ लिहून मोकळा होतो. उत्तर १६च आहे. डीएनए दुप्पट होतो खरा, पण प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रती सेंट्रोमियर नावाच्या सांध्यापाशी जोडलेल्याच राहतात आणि ते गुणसूत्र एकच मोजतात. ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत अशा चुकीला मिळू शकणारे चार गुण हुकतात, वर एक वजा होतो. वाक्य मात्र तोंडपाठ होतं!

अकरावीचे मार्क धरत नाहीत, हे बारावी बोर्डाच्या निकालापुरतं खरं. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायोचे आहेत आणि अभ्यासक्रम दोन्ही वर्षांचा. शिवाय बारावीची आनुवंशिकता उभी आहे अकरावीच्या पेशीविभाजनावर. दोन गुणधर्मांच्या संकरातलं मेंडेलचं ९:३:३:१ हे गुणोत्तर येतं कुठून? मियोसिसच्या, म्हणजे जननपेशी घडवणाऱ्या विभाजनाच्या, पहिल्या टप्प्यात गुणसूत्रांची प्रत्येक जोडी दुसरीशी संबंध न ठेवता वेगळी होते, तिथून. तो धडा गाळलेल्या मुलाला पनेट चौकट, म्हणजे संकरातून काय काय जन्मेल याचा तक्ता, भरता येते. पण दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली की गुणोत्तर का बिघडतं, हे त्याला सांगता येत नाही.

दोन महिन्यांचा हिशेब मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो चाचणीत खरा ठरल्यासारखा दिसतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून धडा झाला त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, आठवड्याने पुन्हा. रंगीत हायलायटरने पान पिवळं करण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, आणि पहिले काही दिवस कागद बराचसा कोराच राहतो. राहू दे.

प्रॅक्टिकलला बोर्डात १०० पैकी ३० गुण आहेत, तेव्हा तो सल्ला तिथेच संपतो. आकृती पुस्तकातून उतरवण्यात मात्र खरंच वेळ जातो. ती आठवून काढावी.

वर्ष आखताना पेशी, जैवरेणू आणि पेशीविभाजन हे धडे आधी पक्के करा, कॉलेजात ते केव्हाही शिकवोत. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन शेजारी ठेवून वाचा: हरितलवक असो वा तंतुकणिका, पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, घडवतात. एक नीट कळलं की दुसऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. वर्गीकरणाची यादी रोज थोडी, जेवणाआधी दहा मिनिटं पुरे.