माया न सोडता घेतलेलं माप

खालच्या डाव्या दाढेवरची माझी नवी कॅप उंच बसली. तोंड मिटलं की आधी ती वरच्या दाढेला टेकायची, बाकीचे दात आपले रांगेत ताटकळत. डॉक्टर मॅडमनी निळा कागद चावायला लावून ती घासली, पुन्हा घासली आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचा बाइट जरा वेगळाच आहे. माप परत घेऊ."

माझा बाइट! आधीच्या मापाचं काय झालं ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय. अल्जिनेटचा, म्हणजे माप घ्यायच्या मसाल्याचा, तो ट्रे तोंडातून निघाला तो थेट काउंटरवर, पंख्याखाली. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून करतात. पावडर पाण्यात घोटली की दोन-चार मिनिटांत थिजते, पण उघड्यावर ठेवली की पाणी सुटून आक्रसते. पाण्यात बुडवून ठेवली तर उलट फुगते. म्हणून त्यात प्लास्टर लगेच ओतायचं असतं. इथे लॅबचा पोरगा संध्याकाळी उगवला. आणि वेगळा कोण, तर माझा बाइट.

तर परत खुर्चीत. पार्टिशन नावाचा पडदा होता तो बाजूला सारलेला आणि पलीकडच्या खुर्चीत कवळीच्या ट्रायलला आलेले एक आजोबा. निवृत्त टेलर. हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

मॅडमनी वरच्या मापासाठी ट्रे तोंडात घालून पाहिला. दातांना घासला. दुसरा काढला.

"रेडिमेड आहे का हो?" आजोबांनी विचारलं.

"हो काका, साइज असतात."

"माझ्यासाठी तर वेगळा शिवला होता. आधी कच्चं माप, त्यावरनं ट्रे, मग पक्कं माप. आज मेणावर दात लावून ट्रायल. म्हणजे कच्ची शिलाईच की!" मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला का नाही शिवला?"

माझ्या तोंडात तोवर ट्रे भरला गेला होता. मी म्हणालो, "ऑं."

"माया किती सोडली?" हे मॅडमना. आणि खरं सांगतो, प्रश्न बिनतोड होता. दात आणि ट्रे यांच्यामध्ये मसाल्याला तीन-चार मिलिमीटर जागा लागते. ट्रे दाताला टेकला की तिथला थर पातळ होतो, काढताना फाटतो नाहीतर ताणला जातो. मॅडम हसल्या आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या.

इकडे मसाला घशाकडे निघाला. मला उमासे यायला लागले. असिस्टंट ताई म्हणाल्या, "नाकानं श्वास घ्या. उजवा पाय वर उचला." लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ही युक्ती करतात. मी पाय उचलला. गळ्यात लाळेरं, हनुवटीवरून ओघळ, पाय अधांतरी.

आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. "पाय कशाला? पँटचं माप आहे का?"

"ऑं! ऑं!"

"हसू नका, माप हलेल. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, टेप लावला की पोट आत घ्यायचं…" इथून त्या गिऱ्हाइकाच्या लग्नाचा कोट, तो कोट मुंजीत मेव्हण्याला कसा गेला, मेव्हणा बँकेतून कसा निघाला, सगळं झालं. थिजायला एवढा वेळ लागत नाही हो! मसाला केव्हाच घट्ट झाला होता; मॅडमचा फोन संपत नव्हता.

खालच्या मापासाठी या खेपेला सिलिकॉन. ताईंनी हातमोजे उतरवून दोन रंगांचे गोळे हातानं मळायला घेतले. लेटेक्सच्या मोज्यांतल्या गंधकामुळे ते नीट घट्ट होत नाही, म्हणून. त्या उघड्या हातांनी आधी काय काय धरलं होतं हे विचारायला माझं तोंड मोकळं नव्हतं. हे माप मात्र टिकतं, चार-सहा दिवस पडून राहिलं तरी आक्रसत नाही. मग पहिल्याच वेळी का नाही वापरलं? विचारलं.

"ते महाग पडतं ना," मॅडम म्हणाल्या. "आता त्याचे वेगळे लागतील."

"आमच्या हातून माप चुकलं की कापड आमचं जायचं," आजोबा छताकडे बघत बोलले. कवळीचं मेण तोंडात असल्यामुळे ते 'कापल' असं ऐकू आलं, पण मला पुरेसं होतं. मॅडमना मात्र ऐकूच आलं नाही.

बाहेर काउंटरवर बिल हातात ठेवत ताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "वरच्या मापाचे नाही हं धरले."

वरचं माप ताईंच्या कोपरापाशी होतं. पंखा पाचवर.