नकाशा होता, पण कळला किती जणांना?
ज्वालामुखीच्या धोक्यावर उपाय म्हणून अलीकडे वाचलेल्या एका लेखात अधिक उपकरणे बसवण्यावर भर दिला आहे. तो गैर नाही, पण घोडे बहुतेक वेळा अडते ते सांगण्यापाशी. कोलंबियातील नेवाडो डेल रुईझ या ज्वालामुखीचा धोकादर्शक नकाशा १९८५ च्या ऑक्टोबरातच तयार होता आणि आर्मेरो हे शहर त्यात चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखवलेले होते. तरीही १३ नोव्हेंबरच्या रात्री शिखरावरचे बर्फ वितळून निघालेला लोंढा सुमारे अडीच तासांनी तेथे पोहोचला तेव्हा लोक घरांतच होते, आणि वीस हजारांहून अधिक माणसे दगावली. याउलट १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकापूर्वी फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ मॉरिस क्राफ्ट यांची ज्वालामुखीच्या धोक्यांवरील चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना दाखवली गेली. तप्त राखेचा लोट उतारावरून धावताना पाहिल्यावर स्थलांतराचे म्हणणे पटवून देणे पुष्कळ सोपे झाले. (स्वतः क्राफ्ट त्याच वर्षी जूनमध्ये जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच लोटात मरण पावले.) त्यामुळे जोखीमतज्ज्ञाने शक्यतेची टक्केवारी ऐकवण्याआधी कोणत्या वाटेने, कोणत्या उंचवट्यावर, किती वेळात पोहोचायचे ते सांगावे. आर्मेरोजवळची उंच जमीन पायी गाठता येण्याजोगी होती.