पोहे सोडा, गूळ घ्या, गोळी आपोआप सुटेल: एका संदेशाचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबगटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ‘मधुमेही व वजन कमी करणाऱ्यांसाठी सकाळचे अमृत’ असे त्याचे शीर्षक. पोहे, उपमा आणि इडली म्हणजे पांढरे विष, पोहे आतड्यांना अठरा तास चिकटून राहतात, त्याऐवजी ज्वारी-नाचणी हवी तेवढी खावी, चहात साखरेच्या जागी गूळ घालावा, उपाशीपोटी दुधी व कारल्याचा एकत्र रस प्यावा, आणि त्यानंतर दुपारी बारापर्यंत काहीही न खाल्ल्यास रक्तातली साखर इतकी आटोक्यात येते की गोळी आपोआप सुटते, असे त्यात ठासून सांगितले आहे. खाली कोणा ‘ज्येष्ठ तज्ज्ञ डॉक्टरां’चा हवाला आहे, त्यांचे नाव, पदवी, गाव यांपैकी काहीही नाही. हा संदेश माझ्या थोरल्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो अमलात आणला, म्हणून हे लिहावे लागत आहे. एरवी असल्या मजकुराकडे दुर्लक्ष केलेलेच बरे असते.

आतड्यांना चिकटण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. पोहे करताना भात, म्हणजे टरफलासकटची साळ, भिजवतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चपटा करतात. या खटाटोपात त्यातला स्टार्च बराचसा शिजून निघतो, आणि म्हणूनच पातळ पोहे चुलीवर न ठेवता नुसत्या दह्या-दुधात कालवून खाता येतात. असा पदार्थ आतड्यांत मुक्काम ठोकत नाही, उलट लवकर पचतो. गंमत अशी की, ‘पोहे खाल्ल्यावर तासाभरात साखर उसळते’ असेही याच संदेशात दोन ओळी खाली लिहिले आहे. अठरा तास चिकटून बसणारे पोहे तासाभरात साखर कशी वाढवतील, हा प्रश्न संदेश पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडलेला दिसत नाही.

साखर वाढते हे मात्र अर्धे खरे आहे, आणि ते मान्य करायला हवे. बशीभर पोह्यांना साधारण पन्नास ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यांत कर्बोदके सदतीस-अडतीस ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम चार ग्रॅम. त्यावर आपण फोडणीत बटाटा घालतो, चवीला चमचाभर साखर घालतो, वरून शेव भुरभुरतो आणि सोबत साखरेचा चहा घेतो. अशा बशीने मधुमेही माणसाची साखर चढली, तर त्यात नवल नाही. पण तेवढ्यावरून पोह्यांना विष ठरवणे, हा आळशीपणा झाला. पोहे मूठभर कमी घ्यावेत, बटाट्याची जागा मटार-कांद्याला द्यावी, शेंगदाण्यांना हात आखडू नये आणि सोबत वाटीभर मोडाची उसळ किंवा बिनसाखरेचे दही घ्यावे. नागपूरकर पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात. तिच्यातला तेलाचा तवंग सोडला, तर कल्पना आहारशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

‘ज्वारी-नाचणी हवी तेवढी खा’ या सल्ल्याला उत्तर देणारा अभ्यास आपल्याच देशात झालेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने आणि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे त्यात आढळले. संदेशकर्त्याने वाचायला हवे होते ते पुढचे: कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ले, तर मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही, रोजच्या एकूण ऊर्जेपैकी ५ टक्के ऊर्जा जिथे कर्बोदकांऐवजी वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांतून आली, तिथे तो कमी दिसला. म्हणजे पोहे सोडून तीन भाकऱ्या हाणणारा माणूस होता तिथेच राहतो. ज्वारीत तंतू जास्त असतात, तिने पोट भरल्यासारखे वाटते, हे खरे. पण ‘हवी तेवढी’ हे शब्द मधुमेह्याला सांगायचे नसतात. त्यापेक्षा मुगाचे धिरडे किंवा उसळीची वाटी कधीही उजवी.

गुळाबद्दल फार लिहावे असे काही नाही. साखर आणि गूळ दोन्ही उसाच्या रसाचीच अपत्ये आहेत, आणि गुळात मुख्यतः तेच सुक्रोज असते. गुळात थोडे लोह व इतर क्षार असतात, पण चहात पडणाऱ्या खड्यातून मिळणारे लोह नगण्य असते. मधाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रस यांतली साखरही, मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरली आहे.

आता गोळीविषयी. मावशीला डॉक्टरांनी सकाळच्या खाण्यासोबत घ्यायची जी गोळी दिली आहे, तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन औषधे एकत्र आहेत. आपल्याकडे ही जोडगोळी असंख्य घरांतल्या औषधांच्या डब्यात सापडेल. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायकरीत्या उतरण्याचा संभव फार कमी असतो. ग्लिमेपिराइडचे काम निराळे आहे: ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न गेले आहे की नाही याची वाट पाहत नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्याच कुळातली औषधे, आणि इन्सुलिनच्या इंजेक्शनच्या बाबतीत तर हा धोका असतोच. मावशीने सवयीप्रमाणे सकाळी गोळी घेतली आणि संदेशाप्रमाणे नाश्ता टाळला. अकराच्या सुमारास देवापुढचे तबक उचलताना तिचे हात थरथरू लागले, पाठ घामाने भिजली, आणि समोर उभ्या असलेल्या सुनेने काय विचारले हे तिला नीट कळेना. साखर मोजण्याचे यंत्र घरात होते म्हणून निभावले. त्यावर ५४ हा आकडा होता. मधुमेही माणसाची साखर दर १०० मिलिलिटर रक्तामागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात आणि लगेच उपाय करतात.

हा उपाय संदेशात कुठेच नाही, म्हणून तो इथे सविस्तर देतो. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी, अजून कमी असल्यास तेवढेच पुन्हा द्यावे आणि आकडा सावरल्यावर पोळी-भाजी, दूध असे काही खायला द्यावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे) घेणाऱ्यांमध्ये छातीतली धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा येतो, त्यामुळे घरच्यांना लवकर संशय येत नाही. वय झालेल्या किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या माणसाची साखर अशी उतरली, तर ती पुन्हा उतरू शकते. ‘गोळी आपोआप सुटते’ हे वाक्य लिहिणाऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते, की ठाऊक असूनही त्याने ते लिहिले, हे ठरवणे कठीण आहे.

ज्यांना मधुमेह नाही किंवा जे अशी औषधे घेत नाहीत, त्यांनी नाश्ता टाळला तर काय, असे कोणी विचारेल. इथे मला नाइलाजाने संदेशाच्या बाजूने थोडे बोलावे लागते. नाश्ता केल्याने वजन घटते ही समजूत फारशी टिकलेली नाही. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१९ मध्ये छापलेल्या, १३ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात नाश्ता करणाऱ्यांचेच वजन किंचित जास्त भरले, सरासरी अर्ध्या किलोहून कमी. चाचण्या थोड्या मुदतीच्या होत्या आणि फरकही नाममात्र होता. तेव्हा निरोगी माणसाला सकाळी भूकच नसेल तर त्याने जबरदस्तीने खाऊ नये, इतपत ठीक. मात्र बारा वाजता भुकेने व्याकूळ होऊन वडापावच्या गाडीवर उभे राहणार असाल, तर सकाळी उपाशी राहण्यात काही हशील नाही. औषध घेणाऱ्याने तर उपवास करण्याआधी गोळीची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घेतलीच पाहिजे.

राहता राहिला दुधी-कारल्याचा रस. कडू दुध्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. असा रस प्यायल्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो, आणि त्यावर उतारा नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या विषयाची छाननी केली आणि कडू लागणारा रस पिऊ नये, तसेच दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नये, अशी शिफारस केली. कडवटपणा हीच दुधी बिघडल्याची एकमेव खूण आहे. संदेशाने त्यात कारले घालायला सांगून तीच खूण पुसून टाकली आहे. हा रस कोणी आधीच सुरू केला असेल तर तो आजच बंद करावा, दुधीची भाजी करण्यापूर्वीही तुकडा जिभेला लावून पाहावा, कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि तो दुधी फेकून द्यावा; रस प्यायल्यावर पोटात कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालयात जाऊन दुधीचा रस प्यायल्याचे आवर्जून सांगावे.