‘सुतार आपली हत्यारं स्वतः आणतो’ : सुहासरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुहासराव, नमस्कार.

अमेरिकेतल्या मालवाहू वैमानिकांना टॅब्लेट, चार्टचं (म्हणजे हवाई नकाशांचं) अ‍ॅप आणि त्याचं सब्स्क्रिप्शन कंपनीनं स्वखर्चानं द्यावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सुतार रंधा-पटाशी घेऊन कामावर येतो, मग वैमानिकाला काय धाड भरलीय? पूर्वीचे वैमानिक वहीत नकाशे काढून उडत. यांचे पगार गलेलठ्ठ. आणि तुमची भाची ओहायोतल्या एका छोट्या कार्गो कंपनीत लागतेय, ती काही कुरकुरत नाही. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं लिहितोय.

सुतारापासून सुरू करू. रंधा कुठला घ्यायचा हे सुतार स्वतः ठरवतो आणि मजुरी सांगताना हत्यारांची झीज त्यात धरतो. गिऱ्हाईक पटलं नाही तर काम सोडतो. सेसना कॅरॅव्हॅन या छोट्या विमानातून पार्सलं वाहणाऱ्या पोराला यातलं काय करता येतं? अ‍ॅप कुठलं, टॅब्लेट कुठला, तो कॉकपिटात कुठे बसवायचा, चार्जिंग किती असल्याशिवाय निघायचं नाही, सगळं कंपनीच्या मॅन्युअलात. कागदी चार्टऐवजी टॅब्लेट वापरायची एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या हवाई नियामकाची, परवानगी, जिला सगळे ‘ए061’ म्हणतात, ती निघते कंपनीच्या नावावर. ठरवणार कंपनी, परवानगी कंपनीची, आणि बिल तेवढं पायलटच्या क्रेडिट कार्डावर!

नियमातही हे आहेच. छोट्या कंपन्यांना लागू होणाऱ्या एफएएच्या नियमावलीतल्या पार्ट 135 मधलं कलम 135.83 काढून बघा. चेकलिस्ट आणि त्या उड्डाणाला लागणारे चार्ट ऑपरेटरनं पुरवायचे, तेही अद्ययावत. पैसे कुणाचे हे त्यात लिहिलेलं नाही, हे कबूल, आणि पळवाट नेमकी तिथेच आहे. ‘तू आणलंस, कॉकपिटात ठेवलंस, झालं की पुरवून’ असं तोंडावर सांगणारे चीफ पायलट मी पाहिलेत. मोठ्या विमानांच्या पार्ट 121 मध्ये चार्ट विमानात आहेत की नाही हे कॅप्टननं बघायचं आणि प्रत्येक क्रू मेंबरजवळ चालू टॉर्च हवी. टॉर्चच्या पावतीबद्दल तिथेही चकार शब्द नाही.

आता वही. तो दाखला तुम्ही दिलात ते बरंच झालं. एलरे जेपसन हा टपालाची विमानं उडवायचा. 1930 च्या हिवाळ्यात आजूबाजूचे वैमानिक मरत होते, म्हणून त्यानं दहा सेंटची वही विकत घेतली आणि धावपट्ट्यांची लांबी, आसपासचे डोंगर, टाक्यांची उंची हे सगळं टिपायला लागला. सहकारी मागायला लागले, तशी 1934 पासून दहा डॉलरला एक अशी विकू लागला. पुढे त्याची एवढी मोठी कंपनी झाली की 2000 मध्ये ती बोइंगनं घेतली. वही त्यानं पदरचे पैसे घालून केली, कारण ही माहिती त्याला कुणी दिलीच नव्हती. याला तुम्ही आदर्श म्हणता, मला ती मालकांची नामुष्की वाटते.

पगाराचं म्हणाल तर तुम्ही दोन वेगळी जगं एकत्र करताय. फेडएक्समध्ये ‘अल्पा’ ही युनियन आहे, यूपीएसमध्ये ‘आयपीए’, आणि तिथं अशा गोष्टी करारात भांडून ठरतात. गलेलठ्ठ पगार त्यांचे. त्यांच्या हबवरून (मोठ्या केंद्रावरून) छोट्या गावांना पार्सलं नेणाऱ्या फीडर कंपन्या वेगळ्या. तिथला पायलट मोठ्या कंपनीत जाण्यासाठी उड्डाणाचे तास भरायला आलेला असतो आणि तोंड उघडलं तर तास जातील म्हणून गप्प बसतो. तुमची भाची कुरकुरत नाही, यात मला तरी नवल नाही.

मीही काही वर्षं हेच केलंय. सकाळी हबवरून निघायचं, छोट्या गावी माल उतरवायचा, दिवसभर तिथेच पडून राहायचं आणि संध्याकाळी भरलेलं विमान घेऊन परत. जुलैत विमान दिवसभर उन्हात तापलेलं. आत शिरून टॅब्लेट होल्डरमध्ये अडकवला, चेकलिस्ट चालू केली आणि टॅक्सी करेपर्यंत पडदा काळा : तापमानाची खूण, ‘थंड होऊ द्या’. मग तो व्हेंटच्या तोंडाशी एका हातानं धरून बसायचं. हे नेहमीचं असल्यामुळे मॅन्युअलात दुसरं उपकरण सक्तीचं होतं. तेही आमच्याच खिशातून. कंपनीचं नाव घेत नाही, पण असं करणारी ती एकटी नव्हती.

एफएएचे चार्ट इंटरनेटवर फुकट मिळतात, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण फुकट पीडीएफ घेऊन कुणी उडू देत नाही; मान्यता असलेलं अ‍ॅपच लागतं आणि त्यातले चार्ट दर 28 दिवसांनी बदलतात. सब्स्क्रिप्शन ज्याच्या खिशातून जातं, ते कधी नूतनीकरण करायचं हेही तोच ठरवतो. पगार दहा तारखेला आणि मुदत सातला संपत असेल, तर मधले तीन दिवस काय होतं हे मला इथं लिहायचं नाही.

शिवाय फायदा कुणाचा तेही बघा. अमेरिकन एअरलाइन्सनं 2013 मध्ये चार्ट-मॅन्युअलच्या कागदांनी भरलेल्या 35 पौंडांच्या बॅगा कॉकपिटातून काढल्या, तेव्हा वर्षाला सुमारे 12 लाख डॉलरचं इंधन वाचेल, असं कंपनीच सांगत होती. ती प्रवासी कंपनी, पण हिशेब मालवाहू विमानालाही तोच.

‘हा खर्च पगारात धरलेलाच असतो’ हा युक्तिवाद तर करामुळेच टिकत नाही. पूर्वी कंपनीनं भरून न दिलेला कामाचा खर्च, ठरावीक मर्यादेच्या वरचा, नोकरदाराला वजावटीत दाखवता येत होता. 2018 पासून ते बंद. म्हणजे पगारातून आयपॅड घेतला तर आधी कर, मग आयपॅड. कंपनीनं पावतीवर परतफेड केली तर त्यावर कर नाही.

हेडसेटवर मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. चांगला आवाजरोधक हेडसेट हजार डॉलरच्या वर जातो, पण तो आपल्या कानांच्या मापाचा असतो आणि नोकरी बदलली की बरोबर येतो. तो ज्याचा त्यानं घ्यावा. गॉगलही. आपल्याकडे टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक विमान उडवायच्या प्रशिक्षण-परवान्याचा, खर्च बहुतेकदा उमेदवारच करतो, ते प्रकरण मोठं आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

भाचीला एवढं सांगा. बेस, म्हणजे जिथून ती उडणार ते ठिकाण, ओहायोतच राहणार का, हे तिनं कंपनीला आधी विचारावं. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचं कलम 2802 आहे, कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकानं भरून द्यायचा. स्वतःचा मोबाइल कामाला वापरला तरी त्याचा वाटा द्यावा लागतो, असं तिथल्या अपील न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं. इलिनॉयमध्येही 2019 पासून असा कायदा आहे. ओहायोत त्या भरवशावर राहू नये, म्हणून ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावं : टॅब्लेट फुटला तर कोण देणार, सब्स्क्रिप्शन कुणाच्या नावावर, दुसरं उपकरण सक्तीचं आहे का. तोंडी ‘बघू’ म्हणाले तर ईमेल पाठवून उत्तर मागावं. आणि पावत्या साठ दिवसांच्या आत द्याव्यात, नाहीतर अकाउंट्सवाले ती रक्कम पगारात धरून कर कापतात.