घाटावरचा माणूस आणि कॉन्टेसा ३२ : ‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दर्यावर्दी साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली तेव्हा लगेच लिहिलेलं उत्तर सकाळी पुसून टाकलं, त्यामुळे हे त्या मानाने सौम्य आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकातली कॉन्टेसा ३२ आणि २०१९ साली आलेली बेनेतो ओशॅनिस ३०.१ या शिडाच्या दोन बोटींची मी तुलना केली, आणि हवा बिघडली तर मी कॉन्टेसात बसेन असं म्हटलं. दर्यावर्दींचे आक्षेप असे : १९७९च्या, वादळात सापडलेल्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा दाखला आजच्या बोटीला लागू नाही, जुन्या बोटीचा खर्च मी लपवला, ३०.१ला टिलरही (सुकाणू फिरवायचा दांडा) मिळतो, मी सुकाणूची नुसती दोन चाकं लिहिली. आणि शेवटी हे वाक्य : ‘घाटावरच्या माणसाने आम्हाला समुद्र शिकवू नये.’

टिलरचं मान्य. चूक माझीच. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमच्या नावानिशी. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता घाटाचं बघू. होय, मी कराडचा. प्रीतिसंगमावर पोहायला शिकलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नववीच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, आणि मास्तरांनी गुडघ्याच्या पुढे पाण्यात जाऊ दिलं नाही. हे मी स्वतःच याआधी लिहिलेलं आहे, तुम्ही काही शोध लावलेला नाही. पण इंग्लंडात साउदम्प्टनला येऊन मला सतरा वर्षं झाली. पहिली चार वर्षं लोकांच्या बोटींवर फुकट दोर ओढले, थंडीत तळाला रंग लावला, रात्रशाळेत बसून भरती-ओहोटीची गणितं सोडवली. आज चौघांत मिळून एक कॉन्टेसा आहे आणि तिच्या तळातलं पाणी उपसायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावरच येते. यातलं तुम्ही काय केलंय ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. आमच्याकडे उसाच्या फडाशेजारी वाढलेल्या प्रत्येक पोराला गूळ करता येतो असं नाही.

आणि वारशाचंच म्हणाल तर ‘सुहेली’ घ्या. ३२ फुटी, सागवानी, मुंबईत बांधलेली. आराखडा अमेरिकन, चालवणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्रज. १९६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा तो पहिला. यात घाट कुठे आणि कोकण कुठे, ते तुम्हीच सांगा.

मी ३०.१वर ‘पाय तरी ठेवलाय का’ असं विचारलंत. ठेवलाय. आठवडाभर भाड्याने घेतली होती. आइल ऑफ वाइट बेटाजवळच्या नीडल्सच्या खाडीतून ओहोटीबरोबर बाहेर पडत होतो, समोरून नैर्ऋत्येचा वारा. प्रवाह एकीकडे, वारा त्याच्या तोंडावर, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रत्येक लाटेवरून खाली आदळायची आणि खाली केबिनमध्ये कोणी रिकामा पिंप बडवतंय असं वाटायचं. बायको चहा करत होती. केबिन हवेशीर, ऐसपैस, उभं राहायला भरपूर उंची, सगळं तुम्ही म्हणता तसंच. पण ऐसपैस म्हणजे पडलात तर लांबवर पडता. ती स्टोव्हपासून समोरच्या बाकावर जाऊन आदळली, मग तिसरीकडेच. कोपर महिनाभर काळंनिळं होतं.

पुढच्या वर्षी तीच जागा, तसाच वारा, कॉन्टेसा. मान्य, मी नखशिखांत भिजलो. ती लाटेवर चढत नाही, लाटेतून जाते, आणि पाणी थेट कॉलरमधून पाठीत उतरतं. पण खाली केबिन इतकी चिंचोळी की हात लांब केला की कठडा लागतो. पडायला जागाच नाही. बायकोने स्टीलचा मग न सांडता वर दिला. कमाल रुंदी दोघींची जवळजवळ सारखीच आहे : कॉन्टेसा सुमारे २.९ मीटर, ३०.१ अगदी थोडी जास्त. फरक इतकाच की कॉन्टेसा दोन्ही टोकांना निमुळती होते आणि नवी बोट ती रुंदी पार मागपर्यंत नेते. बोट कलली की इतक्या रुंद मागच्या भागातलं मधलं सुकाणू पाण्याबाहेर येईल, म्हणून तिला दोन सुकाणू द्यावे लागतात. मग इंजिनच्या पंख्याने ढकललेलं पाणी त्यांच्यावर पडत नाही आणि मरिनात, बोटी लावायच्या धक्क्यात, हळू वळताना घाम फुटतो. हे मी कुठे वाचून सांगत नाही.

राहिला फास्टनेट. ३०३ बोटी निघाल्या, वादळात शर्यतीतले १५ जण दगावले, सर्वांत लहान बोटींच्या वर्गात एकटी ‘असेंट’ पोचली आणि ती कॉन्टेसा ३२ होती. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. कॉन्टेसा सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली तरी सरळ व्हायला बघते, त्याच शर्यतीतली ‘ग्रिमाल्किन’ ११७च्या आसपास हार मानते. ग्रिमाल्किन जुनी शर्यतीची बोट होती, तिच्यावरून ३०.१ला कसं जोखता, असं तुमचं म्हणणं. ३०.१चा आकडा मी दिला नाही, खरंय. तुम्हीही दिला नाहीत. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

खर्च लपवला नाही, तो या लेखाचा विषय नव्हता. त्यावर वेगळं लिहीन, वेळ मिळाला तर.

बाकी, सप्टेंबरात कधी इकडे आलात तर जरूर कळवा, टोमणा नाही. एक दिवस बोटीवर या. फक्त रात्री डावीकडच्या बाकावर झोपू नका. वरची खिडकी गळते, गेली तीन वर्षं.