अष्टादशभुजा मूर्तीच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नऊ इंची पितळी महिषासुरमर्दिनी मागवली, तिच्या त्रिशूळाचं एक टोक वाकून आलं. जाहिरातीत ‘अठरा हात, अठरा शस्त्रं’ लिहिलंय, मोजल्यावर तेवढी भरत नाहीत. चक्र विष्णूचं आणि परशू परशुरामाचा, ते देवीला कशाला दिले? डावीकडे धनुष्य आहे, पण उजवीकडे बाणाऐवजी भाला आहे. आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे देवीच्या हातात ‘दारूचा पेला’. तो कानस मारून काढून द्या, नाहीतर पैसे परत करा. शिवाय आमच्या दुकानातल्या मुलानं तुम्हाला फोनवर ‘सगळं बरोबरच आहे मॅडम’ म्हणून वाटेला लावलं.

सगळं बरोबर नव्हतं. त्रिशूळ वाकला ती चूक आमची. या मूर्तीत तो वरून दुसऱ्या हातातून तिरका खाली महिषाच्या मानेपर्यंत जातो, म्हणजे सगळ्यात लांब आणि सगळ्यात नाजूक भाग तोच. तो काढून वेगळा गुंडाळायला हवा होता, तसाच खोक्यात गेला. नवा त्रिशूळ पाठवतोय, पैसे नाहीत.

‘अठरा शस्त्रं’ हेही चुकलंच. लिहिताना कानाला बरं वाटलं म्हणून कोणीतरी लिहिलं आणि मी वाचून सोडून दिलं. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीला जोडून ‘रहस्यं’ नावाची जी तीन छोटी प्रकरणं छापलेली असतात, त्यातल्या वैकृतिक रहस्यात या रूपाच्या अठराही हातांची यादी आहे. तुम्ही मोजलंत ते योग्य मोजलंत. त्यातली अक्षमाला, कमळ, शंख, घंटा, पानपात्र (तुमचा तो पेला) आणि कमंडलू ही सहा शस्त्रं नव्हेतच. उरतात बारा, तीही ढाल धरून. जाहिरातीतली ओळ काल बदलली.

पण चक्र आणि परशूचं मात्र तुम्ही म्हणता तसं नाही. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात देवांच्या तेजातून देवी प्रकटते आणि मग एकेक देव आपलं काही ना काही देतो. तिथली भाषा फार नेमकी आहे. शंकर आपला त्रिशूळ देऊन मोकळे होत नाहीत, ते आपल्या शूलातून दुसरा शूल ओढून काढतात. विष्णूचंही तेच, ‘समुत्पाद्य स्वचक्रतः’, स्वतःच्या चक्रातून नवं चक्र. इंद्र वज्रातून वज्र काढतो, यम कालदंडातून दंड. म्हणजे देणाऱ्याचा हात रिकामा होत नाही. एका दिव्यावर दुसरा लावावा तसं आहे हे. तेव्हा तिच्या हातातलं चक्र विष्णूकडून आलेलं, पण तिचं स्वतःचं. मूर्ती बघताना कोणत्या हातात कोण उभा आहे हे असं वाचता येतं: शक्ती (तुम्ही म्हणता तो भाला) अग्नीची, धनुष्य वायूचं, पाश आणि शंख वरुणाचे, ढाल-तलवार काळाची, घंटा इंद्राच्या ऐरावताची. गदेची गंमत वेगळीच. ती कोणी दिली ते त्या भागात नावानिशी सांगितलेलंच नाही आणि लढाईत मात्र देवी ती बिनदिक्कत चालवते.

परशू दिला विश्वकर्म्यानं. सोबत अनेक प्रकारची अस्त्रं आणि न भेदलं जाणारं चिलखतही. हे आम्हाला जरा जास्तच जवळचं. सगळे देव स्वतःचं हत्यार देतात आणि कारागिरांचा देव मात्र घडवलेला माल देतो! खंडेनवमीला आमच्याकडे छिन्नी, कानशी आणि पॉलिशचं मशीन झेंडूची फुलं वाहून पूजतात, तेव्हा भिंतीवर फोटो त्याचाच असतो.

आता बाण. ताई, तुमचा दुसरा फोटो पाहिला. बाण हरवलेला नाही, तो डावीकडे वरून चौथ्या हातात आहे आणि तिथली शक्ती उजवीकडे खालून तिसऱ्या हातात गेली आहे. फोटोत मूर्ती लखलखतेय, म्हणजे घटस्थापनेच्या आधी चिंच-मीठ लावून घासली असणार. लांब शस्त्रं मुठीच्या भोकातून निघतात ती त्यासाठीच. परत बसवताना ही दोन बदलली गेली. तुमचा दोष मानत नाही, कारण या मापात दोन्ही म्हणजे टोकदार काड्याच दिसतात. ओळखायची खूण अशी: शक्तीचं पातं पिंपळाच्या पानासारखं रुंद आहे, बाणाला मागे पिसांच्या रेघा कोरल्यात. जागा ठरवायला पोथीतले चार शब्द पुरतात, ‘दक्षिणाधःकरक्रमात्’, म्हणजे उजव्या बाजूच्या सगळ्यात खालच्या हातापासून सुरुवात. उजवीकडे खालून वर माळ, कमळ, बाण, तलवार, वज्र, गदा, चक्र, त्रिशूळ, परशू. मग डावीकडे वरून खाली शंख, घंटा, पाश, शक्ती, दंड, ढाल, धनुष्य, पानपात्र, कमंडलू. उजवं-डावं देवीचं धरायचं, आपलं नाही. इथेच निम्मे लोक चुकतात, आमचा मुलगाही चुकला होता. हा क्रम छापून खोक्यात टाकायला हवा होता. आता टाकणार आहोत.

राहिला पेला. तो कुबेरानं दिलेला आहे आणि श्लोकात ‘सुरया’ असंच स्पष्ट आहे, सुरेनं कधी रिकामं न होणारं पानपात्र. सारवासारव करून ‘अमृताचं भांडं’ म्हणून विकता आलं असतं, काही जण विकतातही. तिसऱ्या अध्यायात महिष गर्जत असतो आणि देवी त्याला म्हणते, ‘गर्ज गर्ज क्षणं मूढ’, मी हे मधु, म्हणजे मद्यच, पितेय तोवर गर्जून घे. त्यानंतर ती उडी घेते, पायानं त्याला दाबते, मानेवर शूल मारते आणि शेवटी तलवारीनं डोकं उडवते. तुमच्या मूर्तीत नेमका तोच क्षण आहे. पेला काढला तर त्या ओळीला जागाच उरत नाही. आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांत महाळुंग, गदा, ढाल यांच्याबरोबर चौथं पानपात्रच आहे, तिथे आपण सगळे हात जोडतोच की.

म्हणून त्या हाताला कानस लावणार नाही, क्षमा करा. ओतलेली मूर्ती आहे, पेला हातासकट ओतलेला आहे, तो घासला तर बोटंही जातील. पण देव्हाऱ्यात रोज बघताना मनाला टोचत असेल तर मूर्ती ठेवायची सक्ती नाही. चिंच लावली असली तरी चालेल, परत पाठवा, कुरिअरचा खर्च आमचा, पूर्ण पैसे देऊ. बदल्यात मूर्तीच हवी असेल तर अष्टभुजा घ्या. तिच्या हातात पेला नाही, नांगर आणि मुसळ मात्र आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या वर्षी ‘देवीला बलरामाचा नांगर लावला’ म्हणून फोन आला होता.

फोनवर बोलणाऱ्या मुलाला तुमचा रिव्ह्यू वाचायला दिला. तो आज संध्याकाळी सहानंतर तुम्हाला फोन करील, बाण आणि शक्तीची अदलाबदल व्हिडिओ कॉलवर करून घेईल. त्रिशूळ उद्या सकाळच्या कुरिअरनं निघतोय, या वेळी पुठ्ठ्याच्या नळीत.