जनतेला विचारा, पण बेतानं

उद्या देशाची सूत्रं तुमच्या हाती आलीच, तर हवामान बदलाचं धोरण खुशाल सामान्य माणसाला विचारून ठरवा. घाबरू नका. फ्रान्सच्या इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी हे करून पाहिलंय, त्यांची खुर्ची शाबूत राहिली.

लोक चिडलेले असले की मुहूर्त उत्तम. 2018च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या करापायी पिवळी जाकिटं घातलेले लोक फ्रान्सभर रस्त्यावर उतरले होते. पुढच्याच वर्षी फोन नंबरांची सोडत काढून 150 नागरिक पॅरिसला बोलावले गेले. खेड्यातले, शहरातले, शिकलेले, न शिकलेले, सोळा वर्षांच्या पोरांपासून पुढे सगळे. तुम्हीही असंच करा. भत्ता द्या, तज्ज्ञांची भाषणं ठेवा आणि प्रश्न असा घाला की महिनाभर आपसांतच भांडत बसतील: 2030 पर्यंत उत्सर्जन 1990च्या तुलनेत किमान 40 टक्के घटवा, तेही गरिबाच्या पोटावर पाय न देता.

धोका इथेच आहे. माणसं अभ्यास करतात हो! नऊ महिन्यांत त्या मंडळींनी 149 सूचना लिहून हातावर ठेवल्या.

म्हणून ‘तुमचं म्हणणं न गाळता पुढे नेईन’ असं आधी बोलू नये. मॅक्रॉन बोलून बसले होते. तुमच्याही तोंडून निसटलंच, तर गाळणी खिशात असू द्या. त्यांनी ऐनवेळी तीन जोकर काढले, म्हणजे तीन सूचना नाकारण्याची सवलत स्वतःच घेतली: महामार्गावरची वेगमर्यादा 130 वरून 110 करणं, बड्या कंपन्यांच्या लाभांशावर 4 टक्के कर आणि राज्यघटनेच्या उद्देशिकेतला बदल. तीनही बाद. उरलेल्या 146 अध्यक्षीय निवासाच्या बागेत उभं राहून मान्य केल्या. मान्य करायला काय जातं? बारीक गाळप नंतर कायदा करताना होतं. रेल्वेनं चार तासांत पोचता येत असेल तिथली देशांतर्गत विमानं बंद करा, असं नागरिकांचं म्हणणं. कायद्यात चाराचे अडीच तास झाले आणि पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून जाणारे जेमतेम तीन मार्ग त्यात सापडले.

(आपल्याकडे एवढा खटाटोप लागत नाही. 2020 मध्ये प्रकल्पांचे पर्यावरणावरचे परिणाम तपासण्याच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्रानं इंग्रजी-हिंदीत काढून हरकती मागवल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं बाकीच्या भाषांतही द्या म्हटलं, तर सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. मसुदा साऱ्या भाषांत आला असता, तर लोकांनी वाचला असता ना!)

नागरिक शेवटी तुम्हाला गुण देतील, तेही मनावर घेऊ नका. 2021च्या फेब्रुवारीत त्या दीडशेंनी सरकारी प्रतिसादाला 10 पैकी सरासरी 3.3 दिले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मॅक्रॉन पुन्हा निवडून आले आणि डिसेंबरात त्यांच्या सरकारनं सोडतीतून आणखी 184 नागरिक बोलावले. या खेपेला विषय होता, माणसाला मरण कसं यावं.